गिनीपिगची पाठ, उंदराचा कान

त्वचेच्या अॅलर्जीच्या दवाखान्यांत पहिला मान निकेल या धातूचा. खोट्या दागिन्यांतले डूल, जीन्सचं बटण, घड्याळाच्या पट्ट्याचं बक्कल, चष्म्याची काडी, असं काहीही घामेजल्या कातडीला टेकून राहिलं की काहींना खाज सुटते, लाल चट्टे उठतात, बारीक पुळ्यांतून पाणी येतं. युरोपात हा त्रास, विशेषतः बायकांमध्ये, इतका पसरला की दागिन्यांतून किती निकेल पाझरू द्यायचं यावर 1994 मध्ये तिथे कायदेशीर मर्यादा घालावी लागली. आणि एखाद्या रसायनामुळे माणसाला अॅलर्जी जडेल का हे ओळखण्यासाठी जी प्राणिचाचणी विसाव्या शतकाच्या शेवटी सर्वांत भरवशाची ठरवली गेली, तिच्यात मात्र हेच निकेल निर्दोष सुटतं. उंदराच्या कानाला निकेलचं काही सोयरसुतक नसतं.

एका हट्टी धातूचा अपवाद म्हणून हे प्रकरण मिटवता येईल. चाचण्यांच्या दप्तरात तसं ते मिटवलंही गेलं आहे. पण ही चाचणी कोणाच्या वंशातली, तिच्या आईबापांना कोणी प्रमाण मानलं आणि का, हे पाहत मागे गेलं की निकेल एकटं उरत नाही.

कूळ सुरू होतं माणसाच्याच कातडीपासून. 1895 मध्ये ग्राट्स इथल्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत योझेफ याडासोन यांनी पाऱ्याच्या औषधाने अंगावर उठलेल्या रुग्णांची हकिगत मांडली. त्यांनी संशयित औषधाची पट्टी निरोगी कातडीवर चिकटवली आणि वाट पाहिली. ज्यांना पारा सोसत नव्हता त्यांच्या कातडीवर बरोबर पट्टीखालीच दाह झाला. आजही त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर छोट्या पट्ट्यांच्या रांगा चिकटवून दोन दिवसांनी उघडतात, ती पॅच टेस्ट हीच. पण ती आधीच जडलेली अॅलर्जी दाखवते. बाजारात न आलेलं एखादं नवं रसायन उद्या कोणाला बाधेल का, हे तिला सांगता येत नाही.

अॅलर्जीची खोड अशी की ती पहिल्या भेटीत तोंड दाखवत नाही. महाराष्ट्रात हे समजावायला बिब्बा पुरेसा आहे. एखाद्याला बिब्बा काही करत नाही, दुसऱ्याच्या अंगावर तो असा उततो की तोंड सुजून डोळे मिटतात, आणि काल काही न झालेल्या माणसावरही तो पुढे कधीतरी उतू शकतो. बिब्ब्याच्या चिकाने धोबी कपड्यांवर खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, नेमक्या खुणेखालच्या जागी पुरळ उठू लागलं, तेव्हा 1943 मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ‘धोबी मार्क डर्मटायटिस’ या नावाने त्याची नोंद झाली. कपडा धुऊन, इस्त्री होऊन आलेला, तरी खुणेतला अंश पुरेसा ठरत होता. पहिल्या संपर्कात शरीर गुपचूप ओळख पटवून ठेवतं, पुढच्या संपर्कात हिशेब चुकता करतं, आणि तोही लगेच नाही, दिवस-दोन दिवसांनी. यापुढच्या सगळ्या प्राणिचाचण्यांचा आराखडा या स्वभावातून आला: आधी ओळख करून द्या, मध्ये थांबा, मग पुन्हा गाठ घालून द्या.

हा आराखडा माणसांवर पहिल्यांदा नीट वापरला तो झुरिकच्या ब्रुनो ब्लोख यांनी. प्रिम्युला नावाचं कुंडीतलं शोभेचं झाड हाताळणाऱ्या बायकांच्या हातांवर पुरळ येई. 1926 मध्ये ब्लोख आणि श्टायनर-वुर्लिश यांनी दाखवलं की या झाडाचा तीव्र अर्क लावला तर जवळपास कोणाही माणसाला मुद्दाम अॅलर्जी जडवता येते. तोपर्यंत समजूत अशी की हे सगळं जन्मजात प्रकृतीवर असतं. आता कळलं की मात्रा वाढवली तर प्रकृती वाकते. काही वर्षांतच त्यांनी हाच प्रयोग गिनीपिगवर केला आणि तोही साधला. गिनीपिगची पाठ विज्ञानात दाखल झाली ती अशी, एका फुलझाडाच्या निमित्ताने.

या पाठीला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली कार्ल लँडस्टायनर यांनी. रक्तगटांच्या शोधासाठी 1930 चं नोबेल मिळालेला हा माणूस न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होता. शरीराची प्रतिकारयंत्रणा मोठमोठ्या प्रथिनांना ओळखते हे ठीक. पण मूठभर अणूंच्या चिमुकल्या रसायनाला ती ओळखतेच कशी? लँडस्टायनरचं उत्तर होतं की एकट्याला ओळखत नाहीच. ते रसायन शरीरातल्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि अशा ओझ्यासकट दिसणारं प्रथिन परकं वाटतं. अशा चिकटणाऱ्या छोट्या रेणूला त्यांनी हॅप्टन म्हटलं.

जॉन जेकब्ज यांच्यासोबत 1935 आणि 1936 मध्ये त्यांनी जे निबंध छापले, ते या कुळातले मूळपुरुष. पांढऱ्या गिनीपिगच्या कातडीत डायनायट्रोक्लोरोबेंझिन नावाच्या रसायनाची अगदी सूक्ष्म मात्रा टोचायची, काही दिवसांनी तेच रसायन कातडीवर लावायचं आणि लाली येते का पाहायचं. पांढरी जनावरं घ्यायचं कारण सरळ होतं, लाली दिसली पाहिजे. यातला सर्वांत चतुर भाग मात्र जनावरांच्या बाहेर होता. त्यांनी एकमेकांशी नात्यातली बरीच रसायनं घेतली. काहींमधला क्लोरीन सैल, चटकन सुटणारा. काहींमधला घट्ट बसलेला. सैल क्लोरीनवाल्यांनी गिनीपिगला अॅलर्जी दिली, घट्टवाल्यांनी दिली नाही. म्हणजे रसायनाचा धोका बऱ्याच अंशी परीक्षानळीतच वाचता येत होता. विज्ञानाने हा निष्कर्ष मान्य केला, उद्धृत केला आणि पुढची साठ-सत्तर वर्षं गिनीपिग विकत घेत राहिलं.

लँडस्टायनरचे सहकारी मेरिल चेस यांनी आणखी दोन गोष्टी केल्या. 1942 मध्ये दोघांनी दाखवलं की अॅलर्जी जडलेल्या जनावराच्या पेशी दुसऱ्या निरोगी जनावरात टोचल्या तर अॅलर्जीही सोबत जाते. रक्तातल्या पाण्यासारख्या द्रवाने जात नाही. आज ज्यांना टी पेशी म्हणतात त्यांच्या अभ्यासाचा एक उगम इथे आहे. दुसरी गोष्ट कमी गाजली, पण आपल्या विषयाला तीच जास्त लागू. 1941 मध्ये चेस यांनी गिनीपिगांची निवडक पैदास करून दोन वेगळे वंश तयार केले. एकाला ही अॅलर्जी सहज जडे, दुसऱ्याला जडता जडत नसे. आता कोणत्या पुरवठादाराचं जनावर प्रयोगशाळेत आलं, यावर रसायनाचं चारित्र्य ठरणार, हे त्याच वर्षी स्पष्ट व्हायला हरकत नव्हती.

तोवर प्रश्न प्रयोगशाळेतून बाजारात उतरला होता. 1933 च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्यांच्या केसांचा रंग विकला जाई. त्यात पॅराफेनिलिनडायअमीनच्या जातीचा रंग होता. हेच रसायन आजच्या बहुतेक काळ्या हेअर डायमध्ये आणि झटपट रंगणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त असतं. बायकांचे डोळे सुजले, काहींची दृष्टी गेली, मृत्यूही झाला. सरकारला माल जप्त करता येईना, कारण सौंदर्यप्रसाधनांवर कायदाच नव्हता. 1938 मध्ये तो आला, आणि कायदा आला की अधिकाऱ्याला टेबलावर आकडा लागतो. अन्न व औषध प्रशासनातल्या जॉन ड्रेझ यांनी सहकाऱ्यांसह 1944 मध्ये कातडी आणि डोळ्यांवरच्या विषारीपणाच्या चाचण्या बांधून दिल्या. ड्रेझ यांचं नाव सशांच्या डोळ्यांशी कायमचं जोडलं गेलं. गिनीपिगला एक दिवसाआड टोचण्याची त्यांची पद्धत तितकी बदनाम झाली नाही, कारण ती फारसं काही पकडतच नसे. तीव्र गुन्हेगार सापडत, मध्यम आणि सौम्य निसटत.

ही फट बुजवायला दोन दिशांनी माणसं आली. प्रॉक्टर अँड गॅम्बलचे एडविन ब्यूलर यांनी 1965 मध्ये टोचणं सोडून दिलं. माणूस साबण टोचून घेत नाही, अंगाला लावतो; मग जनावरालाही लावूनच पाहू, असा त्यांचा व्यवहारी विचार. रसायनाची पट्टी पाठीवर घट्ट झाकून सहा तास ठेवायची, आठवड्याच्या अंतराने तीनदा, मग विश्रांती, मग नव्या जागी पुन्हा पट्टी. कारखान्यांना ही पद्धत आवडली. समीक्षकांना शंका अशी की तिच्यात सौम्य रसायनं अजूनही सुटतात, आणि कारखान्यांना ती आवडण्याचं ते एक कारण असावं.

दुसरी दिशा फिलाडेल्फियाहून आली, आणि इथे कुळकथेला काळी किनार आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे आल्बर्ट क्लिगमन हे त्वचाविज्ञानातलं बडं नाव. मुरमांवरच्या आणि पुढे सुरकुत्यांवरच्या रेटिनॉइक अॅसिडच्या मलमाचं श्रेय त्यांचं. 1950 च्या दशकाच्या आरंभापासून 1974 पर्यंत त्यांनी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग केले. कैद्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय. त्यांना थोडे पैसे मिळत, काय लावलं जातंय याची माहिती क्वचितच. 1966 मध्ये क्लिगमन यांनी ‘ह्यूमन मॅक्सिमायझेशन टेस्ट’ छापली: सोडियम लॉरिल सल्फेटने कातडी आधी चाळवायची, मग रसायनाची जोरकस मात्रा पट्टीखाली दोन दिवस, असं पाच वेळा. साधारण 25 जणांच्या तुकडीत कितीजणांना अॅलर्जी जडली यावरून रसायनाला पाच पायऱ्यांवरची श्रेणी. अॅलन हॉर्नब्लम यांच्या 1998 च्या ‘एकर्स ऑफ स्किन’ या पुस्तकामुळे हा सगळा इतिहास जगापुढे आला. फिलाडेल्फिया शहराने 2022 मध्ये त्याबद्दल अधिकृत माफी मागितली. क्लिगमन तोवर वारले होते.

नीतीचा प्रश्न क्षणभर दूर ठेवला तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्राणिचाचणी माणसाशी किती जुळते हे ठरवायचं तर माणसाची माहिती हवी. आणि माणसाला मुद्दाम अॅलर्जी जडवून मिळवलेली पद्धतशीर माहिती ज्या काळाची आणि ज्या जागांची आहे, त्यांतली एक ठळक जागा म्हणजे हा तुरुंग.

क्लिगमन यांनी मग स्वीडनचे बर्टिल मॅग्नुसन यांच्यासोबत तेच जनावरावर केलं. 1969 ची ‘गिनीपिग मॅक्सिमायझेशन टेस्ट’ पुढची तीस वर्षं जगभर चालली. तिचं हत्यार होतं ज्यूल्स फ्रॉइंड यांचं मिश्रण, म्हणजे खनिज तेलात घोटलेले मेलेले क्षयजंतू. क्षयाची चाहूल लागली की प्रतिकारयंत्रणा खडबडून जागी होते, आणि त्या गडबडीत शेजारी टोचलेलं रसायनही तिच्या यादीत चढतं. खांद्यावर इंजेक्शनांच्या तीन जोड्या, आठवड्याने त्याच जागी 48 तासांची पट्टी, आणखी दोन आठवड्यांनी बरगडीवर परीक्षेची पट्टी. श्रेणी तुरुंगातल्यासारखीच: 8 टक्क्यांपर्यंत जनावरं लाल झाली तर दुर्बळ, 81 टक्क्यांच्या वर गेली तर अतितीव्र. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, 1981 मध्ये गिनीपिग चाचण्या आंतरराष्ट्रीय नियमांत घेतल्या आणि 1992 मध्ये त्यांना नीटनेटकं केलं. क्षयजंतूंच्या चाचणीत 30 टक्के जनावरं लाल झाली, ब्यूलरच्या चाचणीत 15 टक्के, की रसायनाला अॅलर्जीकारक म्हणायचं.

ही टक्केवारी दिसते गणितासारखी. प्रत्यक्षात कोणीतरी दिव्याखाली केस काढलेली पाठ धरून लाली शून्य, एक, दोन की तीन, हे डोळ्यांनी ठरवत असे. रसायन स्वतःच रंगीत असेल तर लाली दिसणार कशी? केसांचे रंग हा सर्वांत संशयित माल, आणि नेमका त्यांच्याच बाबतीत परीक्षक आंधळा. रसायन नुसतं झोंबणारं असलं तरी लाली येतेच. ती झोंबण्याची की अॅलर्जीची, हे सांगणं अनुभवाचं काम, म्हणजे एका प्रयोगशाळेचा अनुभव दुसरीला उपयोगी नाही. शिवाय शेवटी मिळतं ते हो किंवा नाही. लिपस्टिकमध्ये किती टक्के घातलं तर चालेल, या प्रश्नावर गिनीपिग गप्प.

ही सगळी चिडचिड ज्यांनी ऐकली त्यांत इयन किंबर होते. इंग्लंडमधल्या चेशर परगण्यात, ऑल्डर्ली पार्क इथे आयसीआय कंपनीची विषविज्ञान प्रयोगशाळा होती. तिथे 1980 च्या दशकात किंबर आणि सहकाऱ्यांनी विचारलं की लाली येईपर्यंत थांबायचंच कशाला? अॅलर्जीची ओळख पटते ती कातडीत नव्हे, जवळच्या लसिकाग्रंथीत. तिथे टी पेशी भराभर वाढतात, ग्रंथी फुगते. मग तीच मोजू. उंदराच्या दोन्ही कानांच्या पाठीवर तीन दिवस रसायन लावायचं, ते विरघळवायला बहुधा अॅसिटोन आणि ऑलिव्ह तेल. सहाव्या दिवशी शेपटीच्या शिरेतून किरणोत्सारी थायमिडीन द्यायचं. नव्या पेशी डीएनए बांधताना ते उचलतात. पाच तासांनी कानामागच्या ग्रंथी काढून किरणोत्सार मोजायचा. साध्या द्रावणाच्या उंदरांपेक्षा तो तिप्पट झाला, तर रसायन दोषी.

तिप्पटच का? किंबर यांच्या गटाने तो आकडा अनुभवावरून धरला होता. संख्याशास्त्राचा आधार मागाहून मिळाला. तो चुकीचा निघाला नाही, पण तो आकाशातूनही पडला नव्हता.

‘लोकल लिम्फ नोड अॅसे’ हे त्या चाचणीचं नाव, जगात ओळख एलएलएनए या आद्याक्षरांनी. तिचे फायदे खरे होते. जनावरं कमी, क्षयजंतू नाहीत, दाह होण्याआधीच प्रयोग संपतो, आणि उत्तर यंत्र देतं. युनिलिव्हरचे डेव्हिड बास्केटर आणि प्रॉक्टर अँड गॅम्बलचे फ्रँक गेर्बरिक किंबर यांच्यासोबत आले आणि त्यांनी चाचणीला आणखी एक अवयव दिला: ग्रंथीतला किरणोत्सार तिप्पट करायला रसायनाची किती टक्के तीव्रता लागते, तो आकडा. डायनायट्रोक्लोरोबेंझिनला टक्क्याचा विसावा भाग पुरतो, अत्तरांतल्या हेक्सिल सिनामाल्डिहाइडला दहा टक्क्यांच्या आसपास लागतात. पहिल्यांदाच तीव्रतेची मोजपट्टी हाती आली, आणि सुगंध कारखान्यांनी तिच्यावर सुरक्षित प्रमाणांचे हिशेब बांधले.

1999 मध्ये अमेरिकेतल्या शासकीय परीक्षण समितीने या चाचणीला मान्यता दिली, 2002 मध्ये ओईसीडीने नियम छापला. त्या अमेरिकी परीक्षणातले आकडे लक्ष देऊन वाचण्याजोगे आहेत. उंदराचं उत्तर गिनीपिगच्या उत्तराशी 85 ते 90 टक्के वेळा जुळलं. माणसांच्या माहितीशी ताडून पाहिलं तेव्हा जुळणी 72 टक्क्यांच्या आसपास आली. मग गिनीपिगची माणसाशी जुळणी? तीही तितकीच. म्हणजे दोन जनावरं एकमेकांशी जितकी सहमत होती तितकं त्यांतलं कोणीही माणसाशी नव्हतं. नव्या चाचणीला जुनीपेक्षा वाईट नसल्याचं प्रमाणपत्र मिळालं, आणि नियामकांच्या जगात तेवढं पुरतं.

उरलेल्या चतुर्थांशात कोण होतं? निकेल तर होतंच. त्याचं कोडं 2010 मध्ये जर्मन संशोधकांनी सोडवलं. माणसाच्या पेशींवर टीएलआर4 नावाचा एक पहारेकरी असतो, खरं तर जिवाणूंच्या आवरणाचा वास घेणारा. माणसाच्या या प्रथिनात 456 आणि 458 या जागांवर हिस्टिडिन आहे. निकेल तिथे जाऊन बसतं आणि खोटी घंटा वाजते. उंदराच्या प्रथिनात त्या जागी हिस्टिडिन नाही. संशोधकांनी माणसाचा टीएलआर4 उंदरांत घातला, तेव्हा त्यांनाही निकेलची अॅलर्जी जडवता आली. उंदराची चाचणी इथे कोणी निष्काळजीपणे केली म्हणून चुकली नव्हती. दोन प्रजातींमधला अमिनो आम्लांचा फरक कितीही काटेकोर हातांनी पुसला जात नाही.

उलट बाजूलाही गर्दी होती. सोडियम लॉरिल सल्फेट, शाम्पूतला तोच फेस, माणसाला झोंबतो पण त्याची अॅलर्जी अपवादानेच आढळते. उंदराच्या ग्रंथी मात्र त्यावर फुगतात आणि तो दोषी ठरतो. लिनोलिक आम्ल आणि स्क्वालिन यांनाही उंदराने दोषी धरलं आहे. स्क्वालिन माणसाच्या कातडीचं स्वतःचं तेल आहे. आपण सगळे जन्मभर ते अंगावर वागवतो. कारखानदारांनी अशी उदाहरणं मोठ्या उत्साहाने छापली, त्यात त्यांचा हेतू स्वच्छ नव्हता असं म्हणता येईल. उदाहरणं तरीही खरी होती.

बरोबर उत्तर मिळूनही माणसं सुटली नाहीत, हा या कुळाचा सर्वांत अवघड अध्याय. मिथाइलआयसोथायझोलिनोन हे परिरक्षक अॅलर्जी देतं हे प्राणिचाचण्यांनी सांगितलं होतं. तरीही ठरावीक मर्यादेत धोका नाही असा हिशेब करून 2005 मध्ये युरोपने ते क्रीम, शाम्पू, ओल्या पुसण्या यांत दहा लाखांत शंभर भागांपर्यंत मान्य केलं. काही वर्षांत युरोपभरच्या पॅच टेस्टच्या दवाखान्यांत त्याचे रुग्ण झपाट्याने वाढले. 2013 मध्ये अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला ‘अॅलर्जन ऑफ द इयर’ हा न मिरवण्याचा किताब दिला. पुढे युरोपने अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांतून ते हद्दपार केलं आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनांत मर्यादा शंभरावरून पंधरावर आणली. उंदीर खोटं बोलला नव्हता. पण उंदराला कोणी रोज सकाळी तोच क्रीम, दुपारी ओली पुसणी आणि रात्री त्याच परिरक्षकाच्या ताज्या रंगाची भिंत दिली नव्हती.

कधी बाटलीतलं रसायन आणि घरातलं रसायनच वेगळं निघतं. संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन ताजं असताना जवळपास निरुपद्रवी असतं. स्वीडनमध्ये आन-तेरेस कार्लबर्ग यांनी 1990 च्या दशकात गिनीपिगांवरच दाखवलं की झाकण उघडं राहून हवा लागली की त्याची हायड्रोपेरॉक्साइडं बनतात, आणि ती जबर अॅलर्जी देतात. प्रयोगशाळेत शुद्ध नमुना मागवणं हा नियम; भांडी घासायच्या द्रवाची बाटली मात्र ओट्यावर महिनोन्‌महिने उघडी असते.

आणि जे कारखान्यात बनतच नाही त्याचं काय? 1950 च्या दशकात पुण्याच्या परिसरात गाजर गवत दिसू लागलं. शेतकरी आणि तण उपटणारे मजूर यांचे चेहरे, मान, कोपरांच्या खोबणी फुटू लागल्या; पुण्यातून लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत 1974 मध्ये लंडनच्या नियतकालिकात त्याचा वृत्तांत छापला. दोषी होतं त्यातलं पार्थेनिन. बाजारपूर्व चाचणीच्या कोणत्याही दारावरून हे गवत आत आलं नव्हतं. त्याची तक्रार माणसांच्या कातडीने केली आणि पट्ट्या लावून दवाखान्याने ती नोंदली. याडासोन यांची ती साधी पट्टी सव्वाशे वर्षांनंतरही शेवटची साक्षीदार आहे, फक्त तिची साक्ष नेहमी उशिरा होते.

शेवटी या कुळाला विज्ञानाने आणि कायद्याने दोन्हीकडून घेरलं. युरोपने 2009 मध्ये प्रसाधनांच्या घटकांच्या प्राणिचाचण्यांवर आणि 2013 मध्ये तशा चाचणी केलेल्या मालाच्या विक्रीवर बंदी आणली. भारतानेही 2014 मध्ये प्रसाधनांसाठी प्राणिचाचणी बंद केली, आणि त्याच वर्षी जनावरांवर तपासलेल्या प्रसाधनांची आयातही. चाचण्यांची जागा भरायला तीन नव्या पद्धती आल्या. पहिलीत गेर्बरिक यांच्या गटाने परीक्षानळीत सिस्टीन आणि लायसीन असलेले प्रथिनांचे छोटे तुकडे ठेवले आणि रसायन त्यांना किती चिकटतं ते मोजलं. लँडस्टायनरचा सैल क्लोरीन काचेत परत आला. दुसरी स्वित्झर्लंडच्या जिवोदान या अत्तर कंपनीतली, माणसाच्या कातडीच्या पेशींवरची. तिसरी काओ आणि शिसेइदो या जपानी कंपन्यांची. तिच्यातल्या पेशी ल्युकेमिया झालेल्या एका वर्षाच्या मुलाच्या रक्तातून 1980 च्या सुमारास वाढवलेल्या. तिघांतल्या दोघांचं एकमत झालं तर निकाल, असा पंचायतीसारखा नियम ओईसीडीने 2021 मध्ये मान्य केला.

या मान्यतेसाठी पुन्हा तोच प्रश्न आला, जुळवायचं कोणाशी? उंदरांची जुनी यादी होती, आणि तिच्यासोबत माणसांची. माणसांच्या कसोटीवर नव्या त्रिकुटाने उंदराला मागे टाकलं. अॅलर्जीकारक रसायनं उंदराने जवळपास सगळी पकडली होती, पण निरुपद्रवी म्हणून सोडायला हवी होती त्यांतलीही बरीच त्याने अडकवली. माणसांच्या त्या यादीत सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यांनी 1960 ते 1980 च्या दशकांत पैसे देऊन केलेल्या पट्टी-चाचण्या आहेत, आणि क्लिगमन यांचे 1966 चे आकडेही, रसायनागणिक 25 पैकी किती, असे मांडलेले. त्या 25 जणांची नावं कोणत्याच तक्त्यात नाहीत.